तिसऱ्या खांबाखालचं लाल

९ ऑक्टोबर

गेन्साकु अजून आला नाही.

बाहेर अंधार पडून बराच वेळ झाला. अळकुड्यांची आमटी दोनदा गरम केली, आता पुन्हा करणार नाही — आला की थंड खाईल. माझ्याच्याने दरवर्षीचं हे होत नाही.

पहाटे गेला. मी उठले तेव्हा चहाचा पेला पालथा घातलेला, पाठीवरची टोपली जागेवर नाही, अस्वलांना दूर ठेवायची घंटा नाही. फोन मात्र पूर्वजांच्या वेदीवर, सासऱ्यांच्या फोटोशेजारी. "अळंबी काय फोन उचलते?" — दरवर्षी हाच विनोद, आणि दरवर्षी स्वतःच हसतो.

कुठे गेला म्हणून कुणी विचारलं तर काय सांगू? एवढी वर्षं संसार केला, माइताकेची जागा कुठे आहे ते मला माहीत नाही! त्या काळ्या अळंब्या ठरावीक ओकच्या बुंध्याशीच येतात, आणि ते ओक इथल्या पुरुषांना बायकापोरांहून जवळचे. बायकोला सांगायचं नाही, भावाला नाही, मित्राला तर नाहीच. सासऱ्यांनी आपली जागा सांगितली ती दवाखान्यात, अगदी शेवटी, आम्हा बायकांना बाहेर काढून. मी व्हरांड्यात उभी, आणि आत बापलेकांची कुजबुज!

लाल जॅकेट खुंटीवर नाही. म्हणजे घालून गेलाय. तेवढं बरं केलं. लाल लांबूनही दिसतं.

१० ऑक्टोबर

ट्रक सापडला. डोंगराच्या मागच्या अंगाला, जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर. पोलीस, गावचं अग्निशमन पथक, सगळे तिकडे. मी ट्रकच्या पायरीवर बसून होते. आत डबा नव्हता, म्हणजे सोबत नेलाय. भाताचे दोन गोळे, आत खारवलेला आलुबुखार. काल रात्री मीच करून ठेवले होते.

किन्याही आला होता. पथकात आहे, यावंच लागतं. सहा वर्षं झाली, तो आणि गेन्साकु एकमेकांशी बोलत नाहीत. मयतीला शेजारी शेजारी बसले तरी भिंतीकडे बघतात. त्या वर्षी गेन्साकुने भर सभेत म्हटलं, "हा माझ्या मागून येतो. माझी जागा बघून ठेवतोय." किन्या म्हणाला, साफ खोटं आहे. झालं, तेव्हापासून अबोला. गावात चोरीची कुणी इतकी लाज धरत नाही, जितकी या गोष्टीची.

आज किन्याच पोलिसांशी बोलला. पोलीस म्हणजे पोरगाच, बाहेरून बदली होऊन आलेला. म्हणाला, "गाडी इथे आहे, म्हणजे आजोबा जवळपासच असतील."

"गाडी इथे आहे म्हणजे माणूस इथे नाही, साहेब."

"म्हणजे?"

"आम्ही सगळे गाडी भलतीकडेच लावतो. मग पायी वळसा घालून जातो."

"मग शोधायचं कुठे?"

"तेच कुणाला कळू नये म्हणून तर लावतो!"

कोणीतरी हसलं. मग मला बघून गप्प झालं. शेवटी शोध गाडीभोवतीच सुरू केला. दुसरीकडे करणार तरी कुठे?

११ ऑक्टोबर

हेलिकॉप्टर आलं. कपड्यांचा रंग विचारला. "लाल!" मी चटकन सांगितलं, जसं काही माझंच कौतुक आहे. सगळे पुरुष मातकट कपड्यांत जंगलात शिरतात, आमचे हे लाल घालतात — मी सांगितलं म्हणून.

दोन फेऱ्या मारून ते खाली उतरले. त्यातला एकजण टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला. "बाई, आख्खा डोंगर लाल आहे."

रविवार होता. पानांचे रंग बघायला आलेल्यांच्या गाड्यांची खाली पार्किंगपासून पुलापर्यंत रांग. पाहुण्यांनी हेलिकॉप्टरचेही फोटो काढले.

लेक मिसुझु सेंदाईहून आली. दारातच रडली. मी नाही रडले. मला राग आलाय. तो अजून उतरत नाही.

१२ ऑक्टोबर

पाऊस. शोध बंद. तो कुठेतरी खडकाखाली बसला असेल. आडोसा शोधण्यात हुशार आहे मेला.

१३ ऑक्टोबर

सरकारी शोध संपला. इतके दिवस शोधायचं, पुढे नाही, असा नियम आहे म्हणे. पोलिसांचे साहेब आमच्या बैठकीत गुडघ्यांवर बसले आणि कपाळ चटईला लागेपर्यंत वाकले. त्यांना चहा दिला. बिस्किटंही दिली. माणूस गेलाय माझा, आणि मी विचारतेय, साखर चालेल ना!

गावातले पुरुष म्हणाले, आम्ही जात राहू. ज्याला जसं जमेल तसं.

१५ ऑक्टोबर

कामावर गेले. घरात बसून भिंती खायला उठतात. मिसुझु म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?" म्हणू देत. सबंध ऑक्टोबर रोपवेच्या तिकीट-खिडकीत मी बसते. मी नाही बसले तर फोन कोण घेणार?

फोन थांबतच नाहीत. रंग कुठवर आला? कधी येऊ? ऐन भर शनिवारी असेल की रविवारी? आईला गुडघेदुखी आहे, गाडीतून दिसेल का? माझ्या तोंडातून आपोआप येतं — शिखरावर गळती सुरू झाली, मधल्या टप्प्यात ऐन भर, पायथा अजून हिरवा. रोपवेने यावं. तिसऱ्या खांबापाशी डाव्या बाजूला बघावं. तिथल्या घळीतून गार वारा उतरतो, म्हणून मेपल आणि रोवन तिथे लवकर पेटतात आणि सगळ्यात गडद होतात.

हे मी दरवर्षी सांगते आणि मी स्वतः ते कधी पाहिलं नाही. एकदाच बसले होते रोपवेत, उद्घाटनाच्या वर्षी. डोळे गच्च मिटून वर, डोळे गच्च मिटून खाली. उंचीने मला भोवळ येते. जे काही सांगते ते किन्याचं. तो ट्रॉलीत उभा राहून पाहुण्यांना माहिती सांगतो आणि रोज सकाळी पहिल्या फेरीनंतर खिडकीशी येऊन मला रंग कळवतो. मी तो फळ्यावर लिहिते. घरी अबोला असला तरी इथे आमचं बोलणं चालू होतं. गेन्साकुला ते आवडायचं नाही. पण फळा कोरा ठेवता येतो का?

आज किन्या आला, म्हणाला, "तिसरा खांब, डावीकडे, ऐन भर." मग जरा थांबला. मी मान वर केली नाही.

१६ ऑक्टोबर

गेन्साकुचा फोटो असलेला कागद मी खिडकीच्या काचेवर लावला होता. व्यवस्थापक ओनोदेरा आला, हात चोळत. "तोमिएबाई, वाईट वाटून घेऊ नका. पण लोक इथे आनंदाने येतात हो."

"मग?"

"जरा... स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावला तर? तिथूनही सगळे जातातच."

लावला तिथे. खरंच सगळे जातात.

१८ ऑक्टोबर

इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. दीड-दोन तासांची रांग. चेस्टनटचा भात अकरालाच संपला. एक बाई, चांगल्या घरातली, मोत्यांच्या कुड्या, तो कागद वाचून माझ्याकडे आली. डोळे भरलेले. म्हणाली, "पण किती सुंदर जागी गेले हो! भाग्यवान."

तिला तिकीट दिलं. तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नंतर स्वच्छतागृहात जाऊन आधी दार लावलं आणि मग रडले. एकदाचं आलं रडू.

१९ ऑक्टोबर

पायात पेटके. दुसरं काही नाही.

२१ ऑक्टोबर

आज त्याच्या खुंटीकडे बघत बसले होते. ते जॅकेट.

लग्न झाल्यापासून माझं एकच तुणतुणं होतं — भडक काहीतरी घाल, शिकारी लोक फिरतात, पाय घसरला तर कुणाला दिसशील? पण नाही. मातकट हिरवं, फाटकं, बापाच्या काळातलं घालायचा. "अळंबी शोधायला जातो, वरातीत नाही." मी हात टेकले होते.

आणि मग किन्याशी भांडण झालं त्याच्या पुढच्या वर्षी, जेवताना, मान खाली घालून म्हणाला, "तोमिए, मला लाल जॅकेट आणून देशील?"

मला खरंच वाटेना! दुसऱ्याच दिवशी बस धरून शहरात गेले. आणलं. तर म्हणतो, "हे टोमॅटोसारखं आहे." बदलून आणलं. "हे फार गुलाबी." पुन्हा गेले. दुकानातली मुलगी मला बघून हसायला लागली. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा ते घेऊन अंगणात गेला, आमच्या मेपलच्या फांदीला लावलं, चार पावलं मागे सरकला, डोळे बारीक करून बघितलं. "हं. हे बरोबर."

म्हातारपणी हौस सुटली म्हणून मी त्याला आठवडाभर चिडवलं. नवरदेव म्हणायचे. त्यानेही चिडवून घेतलं, एरवी कधी घेत नाही. मनात म्हटलं, एवढ्या वर्षांनी का होईना, ऐकलं.

२३ ऑक्टोबर

संध्याकाळी किन्या घरी आला. सहा वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत. हातात पाच मुळे, मातीसकट. मिसुझुने त्याला आत बोलावलं. तो दाराच्या आतल्या पायरीवरच बसला.

"वहिनी, एक सांगायचंय. पोटात ठेवून आता झोप लागत नाही."

"सांग."

"गेन्सादा खरं बोलत होता. मी गेलो होतो त्याच्या मागे."

चुलीवरचं उकळतं पाणी मी खाली उतरवलं.

"एकदाच. शपथेवर सांगतो. त्याची जागा बघितली — मोठा ओक, डोंगराच्या मागच्या सोंडेवर, त्याच्या बापाचा. हात नाही लावला एकाही अळंबीला. नुसतं बघायचं होतं. पण त्याने माझ्या बुटांचे ठसे ओळखले."

"म्हणजे तुला जागा माहीत होती! आणि तू गप्प बसलास?" माझा आवाज घरभर गेला. मिसुझु बाहेर आली.

"नाही वहिनी, नाही. पहिल्याच दिवशी, सगळे गाडीभोवती हिंडत होते तेव्हा मी सटकून तिथे गेलो. सगळ्यात आधी तिथेच गेलो. तिथे कोणी नव्हतं. ओकाखाली अळंब्या तशाच होत्या, वाळून गेलेल्या. गेल्या वर्षीच्याही कुजून चिकटलेल्या. तो तिथे जातच नव्हता. मी बघितली म्हणून बापाची जागा सोडली त्याने." तो डोकं धरून बसला. "नवी कुठे शोधली, देव जाणे. चांगल्या जागा सगळ्या कुणाकुणाच्या आहेत. उरल्यात त्या कड्याकपाऱ्यांतल्या."

मी त्याला जा म्हणाले. मुळे घेऊन जा म्हणाले. तो मुळे ठेवूनच गेला.

एकाहत्तर वर्षांचा माणूस. बापाचा ओक सोडून कडे चढतोय. कशासाठी? तर याने बघितलं म्हणून! आणि हा सहा वर्षं तोंड वर करून सांगतोय, मी नाही त्यातला. मला दोघांचीही चीड येते. एकाची आता कुठे काढू?

२४ ऑक्टोबर

मुळे किसून टाकले. वाया कशाला घालवा.

२५ ऑक्टोबर

एक गोष्ट डोक्यात बसली आहे. रंग वरून खाली उतरतो. गळतीही वरून खाली येते. पानं आहेत तोवर कुणाला काही दिसणार नाही. पानं गळली की डोंगर उघडा पडेल, सोंड न् सोंड, घळ न् घळ. आणि मग बर्फ पडेल. एकदा बर्फ पडलं की मेपर्यंत काही नाही. तोवर कोल्हे आहेत, अस्वलं आहेत. मला ते लिहायचं नाही.

पानं गेली आणि बर्फ आलं नाही, असे थोडेच दिवस मिळतात. कधी आठवडा, कधी तेवढाही नाही. त्या दिवसांना इथे नावही नाही. पाहुणे येत नाहीत, रोपवेवाले गंज काढतात, लोक मुळे वाळत घालतात. मला फक्त तेवढे दिवस हवेत.

आज फोनवर कोणी म्हणालं, "अरेरे, गळायला लागली का?" मी म्हणाले, "हो! जोरात!" ओनोदेराने वळून पाहिलं.

२८ ऑक्टोबर

फळा: शिखर — संपलं. मधला टप्पा — गळती. पायथा — ऐन भर.

किन्या येतो, रंग सांगतो, जातो. मी "हं" म्हणते. एवढंच.

३१ ऑक्टोबर

रात्रभर वारा आणि पाऊस. सकाळी रस्ता दिसेना इतकी पानं. मधला टप्पा निम्मा उघडा झालाय म्हणे. देवळासमोरून जाताना हात जोडले आणि म्हटलं, अजून पाड. देवाकडे कोणी असं मागितलं नसेल.

१ नोव्हेंबर

रविवार. गावातले आठ-नऊ जण मागच्या बाजूने पुन्हा गेले. आता लांबवर दिसतं, म्हणाले. निळ्या रंगाचं प्लॅस्टिक सापडलं, जुनी बाटली सापडली, हरणाचं डोकं सापडलं. तो नाही.

मिसुझु परत गेली. तिची नोकरी आहे, मुलं आहेत. स्टेशनवर मला म्हणाली, "आई, आता मनाची तयारी कर." मनाची कधीच झालीय ग. मला त्याला घरी आणायचंय.

२ नोव्हेंबर

किन्या खिडकीशी आला. "मधला टप्पा — संपलं. मात्र तिसऱ्या खांबाखाली, डावीकडे, घळीत खोलवर एक मेपल अजून लाल आहे. खडकाच्या आडोशाला असेल, वारा लागत नसेल. पाहुणे विचारतात, ते काय?"

ओनोदेराने ऐकलं. त्याला तेवढंच पुरे. "लिहा, लिहा! मोठ्या अक्षरात! शेवटचा आठवडा आहे, चार माणसं येतील."

लिहिलं. लाल खडूने. "शेवटचा मेपल — तिसऱ्या खांबाखाली, डाव्या बाजूला."

४ नोव्हेंबर

चाळीसेक माणसं आली, या दिवसांत ही पुष्कळ झाली. ओनोदेरा खूश. फोनवर मीही सांगतेय, हो, एकच आहे, पण बघण्यासारखा आहे.

एक म्हातारा, गळ्यात मोठा कॅमेरा, काचेतून मला फोटो दाखवायला लागला. "बघा तरी बाई, सगळं करडं आणि मधे एवढासा ठिपका!" मी म्हणाले, मला रंग बघून बघून वीट आलाय हो. तो हिरमुसला. पण खरंच आलाय. मी चष्माही लावला नाही.

५ नोव्हेंबर

टीव्हीवर म्हणाले, रविवारी बर्फ. अजून तीन दिवस.

गावातल्या पुरुषांना फोन केले. एकेकाला. कोणी नाही म्हणालं नाही. कोणी हो पण म्हणालं नाही — कांदे काढायचेत, पाठ धरलीय, बघतो. त्यांनी खूप केलं. मी कोणाला बोलणार?

६ नोव्हेंबर

भयंकर वारा. रोपवे दुपारपर्यंत बंद. घरावरचे दोन पत्रे उडाले. अंगणातला आमचा मेपल, कालपर्यंत वीस-पंचवीस पानं धरून होता, आज एकही नाही.

७ नोव्हेंबर

पहिली फेरी वर जाऊन आली. मी खडू घेऊन बसले होते.

किन्या आला तो खिडकीशी नाही, दार उघडून आत आला. टोपी हातात. माझ्याकडे बघितलं नाही. सरळ फळ्यापाशी गेला आणि बाहीने "शेवटचा मेपल" पुसायला लागला. जोरजोरात. फळा दमट होता, नुसता लाल फराटा झाला, तरी पुसतच राहिला.

"किन्या, काय करतोस?"

"कालच्या वाऱ्यात एक पान कुठे राहिलं नाही, वहिनी." तो फळ्याशीच बोलत होता. "ते तसंच आहे. तसंच्या तसं."

मग म्हणाला, "मी रोज दाखवत होतो. हात करून करून दाखवत होतो लोकांना."

मी खडू ठेवला. ओनोदेरा काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं. मी उठून ट्रॉलीत गेले. किन्या नको नको म्हणाला, मग मागून आला. आम्ही दोघंच. तिसऱ्या खांबापर्यंत मी डोळे मिटले नाहीत. भोवळ आली नाही. डाव्या बाजूला बघितलं.

तो मेपल नव्हता.

८ नोव्हेंबर

त्याला आणलं. सकाळी दहाला आणि बर्फ दुपारी सुरू झालं.

खालून त्या घळीत जाता येत नाही. मागच्या अंगाने, ट्रक होता तिथून, सोंड ओलांडून, मग दोर लावून उतरावं लागलं. पथकातली तरुण माणसं दमली. एकाहत्तराव्या वर्षी हा तिथे दरवर्षी कसा उतरत होता, कोणाला कळेना. घळीत एक ओक आहे, तिघांच्या कवेत न मावणारा. त्याच्यापासून थोडं खाली, खडकाच्या पायथ्याशी होता. पालथा. डोक्याला लागलंय, पहिल्याच दिवशी गेला असणार, लगेच, असं डॉक्टर म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. मी ते खरं मानणार आहे.

टोपली भरलेली होती. सगळं काळं पाणी झालं होतं. डब्यात भाताचा एक गोळा शिल्लक.

वर तार. महिनाभर त्याच्या डोक्यावरून माणसं गेली, वर खाली, वर खाली. आधी पानांमुळे तो दिसला नाही, आणि दिसायला लागला तेव्हा मी त्याला फळ्यावर लिहिला.

९ नोव्हेंबर

बर्फ गुडघाभर. मिसुझु रात्रीच्या गाडीने पोचली. ओनोदेराने फुलं पाठवली, मोठी, पांढरी. स्वच्छतागृहाजवळचा कागद त्यानेच काढला म्हणे.

१२ नोव्हेंबर

सगळं आटोपलं. संध्याकाळी किन्या उदबत्ती लावायला आला. बराच वेळ फोटोसमोर बसून राहिला. मी त्याला चहा दिला. रागवायला अंगात त्राण नाही.

मग मी विचारलंच. "पाच वर्षं हा त्या घळीत येत होता. तू रोज त्यावरून चाळीस फेऱ्या मारतोस. एकदाही तुला दिसला कसा नाही?"

किन्याने पेला खाली ठेवला. बोलू की नको असं झालं त्याला. त्याच्या तोंडावर, देव मला क्षमा करो, थोडं कौतुक होतं.

"वहिनी, माझ्यापासून लपायला माझ्याच पायाखालची जागा धरली त्याने. आणि ऑक्टोबरात त्या घळीत लाल घातलेला माणूस वरून कुणाला दिसणार?"

तो गेला. मी अंगणात जाऊन उभी राहिले. मेपलच्या त्या फांदीवर बर्फ होतं. ते जॅकेट दोनदा बदलून आणायला लावलं होतं.

मला वाटलं होतं, एकदाचं माझं ऐकलं.